आधी जळण वाळवा, मग करवत घ्या

पत्र :

नमस्कार. मी करवीर तालुक्यात, गगनबावडा रस्त्याला लागून असलेल्या एका गावात राहतो. वय ३४. बंगले आणि फार्महाऊस मिळून सात-आठ बागा सांभाळतो. छाटणीतून बराच लाकूडफाटा निघतो. मालक म्हणतात, "घेऊन जा." आजवर थोडा घरच्या बंबाला आणला, उरलेला बांधावर कुजला. आता वाटतं, बागकामाच्या जोडीनं जळण फोडून विकायला सुरुवात करावी. मेव्हणा म्हणतो, मोठा चेनसॉ आणि जुना पिकअप हप्त्यावर घेऊ, झाडंच पाडायला घेऊ. एका मालकाच्या बांधकामाला एक जुना आंबा आणि दोन जांभळं आड येतात. तो म्हणतो, "तोडून ने, लाकूड तुझं." बायको मात्र घाबरली आहे. ती म्हणते, बागकाम बरं चाललंय, हे कशाला? घरात चार पैसे जास्त यावेत एवढीच इच्छा आहे. काय करू?

उत्तर :

दादा, जळणाचा जोडधंदा जरूर करा. फक्त तो तुमच्या छाटणीतून निघणाऱ्या लाकडावर उभा करा, झाडं पाडण्यावर नको. चेनसॉ आणि पिकअप एक वर्ष लांबवा. वहिनींची भीती रास्त आहे. तिच्यामागं जी कारणं आहेत त्यांतली बरीचशी खाली येतीलच.

आधी त्या आंब्या-जांभळांचं बोलू, कारण मालक घाई करत असणार आणि तुमचा पाय तिथंच अडकायचा धोका आहे. जमीन मालकाची, झाड मालकाचं, म्हणजे तोडायला मोकळीक, असा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याच्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. खारफुटी आपल्याकडं नाही, पण बाकीच्यांतली कितीतरी झाडं तुम्हाला पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाटेवर रोज दिसतात. ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. मालकानं सांगितलेली तिन्ही झाडं या यादीत आहेत.

परवानगीचा अर्ज मालकानं करायचा असतो, सातबारा जोडून, कारण सांगून. तुम्ही करायचा नसतो. लेखी आदेश हातात येईपर्यंत त्या झाडाला कोयताही लावू नका. लाकडाची गाडी रस्त्यात अडवली जाते तेव्हा मालक आपल्या बंगल्यात असतो. गाडीवर तुम्ही असता, माल तुमच्या ताब्यात असतो आणि गाडीचा हप्ताही तुमच्याच नावावर चालू असतो. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवा. शेतात लावलेल्या काही जातींना वाहतूक परवान्यातून सूट आहे, काहींना नाही. एक सकाळ मोकळी काढून वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, दोन्ही याद्या बघा आणि वहीत उतरवून घ्या. ही वही पुढं गाडीत ठेवायची आहे.

शहरातल्या बागांचं काम असेल तर तिथं वेगळा कायदा लागतो, १९७५ चा, नागरी क्षेत्रातल्या झाडांचा. कोल्हापूर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते आणि झाडाला इजा पोचेल असं काहीही या कायद्यात 'तोड' म्हणून धरलं जातं. म्हणून मोठ्या फांद्या उतरवण्याआधीही तिथं विचारा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं, त्याचे नियम आणखी कडक आहेत. रस्त्याच्या कडेची झाडं तर सरकारी. वादळात पडलेली फांदी रस्त्यावर दिसली तरी परस्पर उचलू नका. देवराईतलं वाळलेलं काटूकही नको. तिथं कायद्याआधी गावाचा मान असतो.

त्या मालकाला तुम्ही साधं एवढंच सांगा : "साहेब, अर्ज तुम्ही टाका. आदेश आला की बघू. पण त्याआधी नकाशा एकदा मला दाखवा." तुम्ही माळी आहात, हे म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. कित्येकदा खोलीची भिंत दहा-बारा फूट सरकवली की आंबा वाचतो. नव्या रोपाला तेवढी सावली धरायला किती पावसाळे लागतात हे घर बांधणाऱ्याला माहीत नसतं, तुम्हाला असतं. मला मनापासून वाटतं की हे बोलायची जबाबदारी तुमची आहे, आणि असं बोलणारा माळी मालक सोडत नाहीत.

आणि परवानगी आलीच तरी ते झाड तुम्ही पाडू नका. पाडायचं काम करणारी टोळी वेगळी असते. दोर कुठं बांधायचा, झाड कुठल्या अंगाला कलतंय, खाच किती घ्यायची, आतून पोकळ बुंधा कसा ओळखायचा, हे वर्षानुवर्षं कुणाच्या हाताखाली शिकावं लागतं. अर्धवट कापलेलं झाड शेजारच्या झाडावर अडकलं की ते कधी आणि कुठं सुटेल याचा भरवसा नसतो. त्याच्याखाली जाणारी माणसं मरतात. मेव्हण्याला हे नीट समजावून सांगा. टोळीचं काम टोळीला द्या. फांद्या-डहाळ्या आवरणं, खोड उपटल्यावर खड्डा भरणं, बदली रोपं लावणं आणि ती तीन उन्हाळे जगवणं, हे काम तुम्ही मालकाकडून घ्या. त्यात पैसा सावकाश येतो, पण तो तुमच्या कसबाचा असतो.

आता जळणाकडं वळू.

तुम्हाला लाकूड फुकट मिळतंय असं वाटतंय. तसं ते नाही. फांदी उतरवायची, खाली ओढायची, शिरी वेगळी करायची, वाहनात भरायची, घरी उतरवायची, फोडायची, रचायची, राखायची. यातली प्रत्येक गोष्ट तुमची मजुरी आहे. म्हणून पहिला बदल विक्रीत न करता मालकाच्या बिलात करा. छाटणीचे पैसे वेगळे आणि 'छाटणीचा माल उचलून जागा साफ' याचे वेगळे लावा. आजवर ही सेवा तुम्ही देत होतात आणि तिचे पैसे घेत नव्हतात. फार्महाऊसचा मालक शनिवार-रविवारी येतो, त्याला लॉनवर काटक्यांचा ढीग नको असतो. तो ढीग हलवायचे पैसे तो देतो. मग जे लाकूड घरी येतं ते खरोखर फुकट असतं, आणि एखाद्या महिन्यात जळण खपलं नाही तरी तुमची मजुरी बुडत नाही. हे करायला भांडवल लागत नाही. उद्यापासून करता येईल.

दुसरी गोष्ट वाळवणाची, आणि या धंद्याचं नाव याच्यावर टिकतं. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. हिशेब मांडून बघा. शंभर किलो ओलं लाकूड घेतलं, त्यात पन्नास किलो पाणी आणि पन्नास किलो खरं लाकूड. ते वाळून पाण्याचं प्रमाण पाचात एक भाग, म्हणजे वीस टक्क्यांवर आलं, की वजन उरतं साडेबासष्ट किलो. म्हणजे वाळलेला माल ओल्याच्या दरानं विकलात तर तुमचंच नुकसान. वाळलेल्याचा दर ओल्याच्या किमान एक पूर्णांक सहा पट असेल तेव्हा कुठं तुमची बरोबरी होते, जागेचे आणि दिवसांचे पैसे त्याच्या वर. म्हणूनच बरेच विक्रेते ओलं लाकूड काट्यावर चढवून मोकळे होतात.

तुम्ही तसं करू नका. ओल्या लाकडातलं पाणी आधी उकळून उडवावं लागतं, त्यात धग वाया जाते. जाळ धरत नाही, धूर कोंडतो, आणि तो धूर बंबापाशी किंवा चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. आपल्या आयांनी, आज्यांनी तो आयुष्यभर सोसला. पैसे देऊन जळण घेणाऱ्या घरात तरी तो जाऊ नये. गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगा : "माझा दर जास्त आहे, पण वजनात पाणी नाही." ओलं आणि वाळलेलं दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. पहिल्यांदा कुरकुर होईल. दुसऱ्या वेळी तोच माणूस फोन करेल.

वाळलंय की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. दोन फोडी एकमेकींवर आपटा. वाळलेल्या ठणठणीत वाजतात, ओल्यांचा आवाज बसका येतो. टोकाला चिरा पडलेल्या दिसतात, साल सैल झालेली असते. याहून पक्कं हवं असेल तर थप्पीतल्या चार-पाच फोडींवर खूण करा, पंधरा दिवसांनी वजन करत जा आणि लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की माल तयार.

फोडल्याशिवाय लाकूड वाळत नाही. पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि उघड्या अंगातून बाहेर पडतं, साल त्याला अडवते. अख्खा ओंडका वर्षभर ठेवलात तरी आतून ओला निघेल. तेच बंबफोड, म्हणजे पाणी तापवायच्या बंबात बसतील अशा बारीक फोडी करून मार्च ते मे असं आपल्याकडच्या उन्हात ठेवलं तर दोन-तीन महिन्यांत जळण होतं. बाभूळ आणि निलगिरी तर ओली असतानाच फोडा. निलगिरीचा पीळ वाळल्यावर इतका चिवट होतो की पाचरही आत शिरत नाही.

रचताना खाली दगड किंवा जाड बल्ल्या घाला. जमिनीला टेकलेलं लाकूड वाळवी सोडत नाही. थप्पी एकेरी ठेवा, वारा आरपार जाईल अशी. वर पत्रा घाला आणि चारी बाजू मोकळ्या सोडा. प्लास्टिक कागदात गुंडाळलेलं लाकूड घाम धरतं आणि बुरशीनं काळं पडतं. आणि जागा उंचावर निवडा. कासारी, कुंभी, भोगावती, तुळशी यांपैकी कुठल्या तरी नदीचं पाणी तुमच्या शिवाराजवळ येतच असणार. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुठवर आलं होतं ते गावात विचारा आणि त्याच्या वर थप्पी लावा.

थप्पीत हात घालायच्या आधी काठीनं ठोका. उंदीर, पाली आसऱ्याला येतात, त्यांच्या मागं साप येतो. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी जाती आहेत. विंचू तर प्रत्येक जुन्या थप्पीत असतो असं धरून चाला. जाड कातडी हातमोजे आणि बंद बूट. पोरांना थप्पीजवळ खेळू देऊ नका. साप चावलाच तर मांत्रिकाकडं वेळ घालवू नका, दंश बांधू-कापू नका, माणसाला चालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे.

तुम्ही माळी आहात, त्यामुळं तुमच्या लाकडात एक वेगळी भानगड येते. वखारवाल्याकडं बाभूळ-निलगिरी येते, तुमच्याकडं बागेतलं सगळं येतं. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी कुंपणाला सर्रास असते आणि छाटणीत भारंभार निघते. दोन्ही विषारी आहेत, धूरसुद्धा. जळणात एक काटकीही जाऊ देऊ नका, त्या कामाच्या दिवशी ढीगच वेगळा ठेवा. शेराचा आणि निवडुंगाचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जायची वेळ येते. बिब्ब्याचं झाड डोंगराकडच्या शेतांत भेटतं, त्याच्या तेलानं अंगावर फोड उठतात आणि धुरानंही उठतात. त्याला हात लावू नका. बांबू जाळायला द्यायचा असेल तर उभा चिरून द्या. पेरात कोंडलेली हवा तापली की तो फटाक्यासारखा फुटतो. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, जुन्या दारं-खिडक्या कुणी "यातच घाल" म्हणून दिल्या तर घेऊ नका.

चांगल्या जळणात बाभूळ पहिली. निखारा धरते, राख थोडी. सुबाभूळ आणि गिरीपुष्पही चांगलं जळतं. निलगिरी पेटते जोरात, पण भर्रकन संपते. गुलमोहर आणि रेन ट्री हलके, त्यांचा ढीग मोठा दिसतो आणि धग कमी. ते पेटवणाच्या काटक्यांत विका, मुख्य मालात मिसळू नका. शेवगा, पांगारा, सावर यांच्यावर वेळ घालवू नका, ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. वड, पिंपळ, उंबर काही घरांत चुलीत घालत नाहीत. न विचारता देऊ नका. याच झाडांच्या वाळलेल्या बारीक काड्यांना मात्र दुसरा उपयोग आहे. नवग्रहांच्या होमाला रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी यांच्या समिधा लागतात. महाद्वार रोडच्या बाजूला पूजासाहित्याची दुकानं आहेत, तिथं एकदा विचारून या. स्वच्छ, सारख्या लांबीच्या, खऱ्या झाडाच्या समिधांची जुडी किलोच्या भावानं विकत नाहीत. बागकाम करणाऱ्यालाच झाडं नेमकी ओळखता येतात, ही तुमची जमेची बाजू.

गिऱ्हाईक कोण? २०१६ पासून उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर पोचले, स्वयंपाकाची चूल मागं पडली. पण आंघोळीचं पाणी आजही गावात आणि शहराच्या जुन्या पेठांत बंबावर तापतं. तिथं वीतभर लांबीची, मनगटाहून बारीक बंबफोड लागते आणि ती नीट आकाराची कुणी आणून देत नाही. तुमचं मुख्य गिऱ्हाईक हेच धरा. पोत्यात भरून, पोत्यावर ठरलेला दर. वजनाचा वाद नाही, आणि म्हातारी माणसं एकटी असली तरी पोतं जिन्याखाली ठेवून येता येतं. दुसरं गिऱ्हाईक आचारी. म्हाई, जत्रा, वास्तुशांती, लग्न, मोठ्या पातेल्यांखाली हात-दीड हात लांबीचे जाड तुकडे लागतात आणि दोन दिवस आधी फोन येतो. तिसरं चुलीवरचं मटण देणारी हॉटेलं, जी आता प्रत्येक रस्त्याला झाली आहेत. त्यांना रोज लागतं, पण ती उधारी करतात आणि दर पाडून मागतात. सुरुवातीला एकच धरा, तेही रोखीवर.

गुऱ्हाळांचा भरवसा धरू नका. चुलवाणात त्यांची स्वतःची चिपाडं जातात. स्मशानाचंही तसंच. शहरात मुख्यतः शेणी वापरतात.

हंगामाचं गणित असं बसतं. दिवाळी ते होळी छाटणीचा आणि फोडायचा काळ, होळी ते मे वाळवायचा. एप्रिल-मे महिन्यांत लोक पावसाळ्याची बेगमी करतात. गगनबावड्याच्या बाजूला पाऊस लागला की आठवडेच्या आठवडे उघडत नाही, त्यामुळं तिकडं मे महिन्यात कोरड्या जळणाला किंमत असते. जो माल मेपर्यंत पुरता वाळला नसेल तो विकू नका, पत्र्याखाली ठेवा, थंडीत बंबाला जाईल. जून-जुलैत कोरडं पोतं देणारा गावात एकटा तुम्ही असाल तर त्या दोन महिन्यांतच तुमची ओळख होऊन जाईल.

छाटणी करताना एक सांभाळा. जळण जास्त मिळावं म्हणून फांदी जाड घ्यावी असा मोह होणार. त्या दिवशी तुम्ही माळी राहत नाही. जेवढी छाटणी झाडाला हवी तेवढीच करा, आणि जाड फांदी तीन घावांत उतरवा : आधी बुंध्यापासून हातभर पुढं खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढं वरून काप म्हणजे फांदी साल न सोलता पडते, आणि उरलेला खुंट शेवटी बुडाच्या फुगीर कड्याशी, कड्याला धक्का न लावता. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. तारेजवळ आलेल्या फांदीला हात लावू नका. महावितरणला कळवा, लाइन बंद झाल्याची खात्री त्यांच्या माणसाकडून समोरासमोर घ्या, मगच चढा.

अवजारं थोडीच लागतात. चांगली छाटणी करवत, जड डोक्याची कुऱ्हाड, घण, दोन लोखंडी पाचरी, कानस आणि फोडायला बाभळीचा गुडघ्याएवढा उंच ओंडका. जाड माल घरी साठवत जा, आणि पुरेसा झाला की चेनसॉवाल्या माणसाला दिवसाच्या हजेरीवर बोलवा. एका दिवसात तो महिन्याभराचे तुकडे पाडून देतो, पेट्रोल, तेल, साखळी, दुरुस्ती सगळं त्याचं. तो काम करत असताना बघा, विचारा, शिका. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की यंत्र उसळून तोंडाकडं येतं, हे एकदा डोळ्यांनी बघितल्यावर माणूस सावध राहतो. पुढं कधी स्वतःचं घेतलंत तर साखळी थांबवणारा ब्रेक चालू असल्याची रोज खात्री, डोळ्यांना चष्मा, कानाला बोळे, पायाला जाड संरक्षक पँट. खांद्याच्या वर यंत्र न्यायचं नाही, शिडीवर चढवायचं नाही, आणि आसपास दुसरा माणूस नसताना चालू करायचं नाही. एवढ्या अटी वहिनींसमोर कबूल करून मगच विकत आणा.

गाडीचंही तसंच. आज माल किती निघतो हे तुम्हाला ठाऊक नाही, मग हप्ता कशाच्या जोरावर भरणार? एक वही घाला. कुठल्या बागेतून कधी किती पोती, फोडायला किती वेळ, भाड्याचा छोटा हत्ती किती वेळा लागला, विक्री किती, उधारी किती. पुढच्या दिवाळीला ती वही घेऊन मेव्हण्यासोबत बसा. भाड्यापोटी महिन्याला जेवढे पैसे जातात त्याहून हप्ता कमी बसत असेल आणि तो फक्त बागकामाच्या कमाईतून फिटत असेल, तर गाडी घ्या. जळणाच्या कमाईवर हप्ता टेकवला की माणूस माल कमी पडल्यावर नको त्या झाडाकडं बघू लागतो. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. तेव्हा घ्यालच तर मालवाहू नोंदणीची, विमा चालू असलेलीच घ्या.

विम्यावरून आठवलं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, १८ ते ७० वयाच्या कुणालाही, बँक खात्यातून परस्पर. तुमचा आणि मेव्हण्याचा फॉर्म याच आठवड्यात भरा. वहिनींना वारस म्हणून लावा आणि पावती त्यांच्या हातात द्या. धनुर्वाताचं इंजेक्शनही दोघांनी घेऊन टाका.

शेवटचं, तुमचा स्वतःचा बांध असेल तर. येत्या पावसाच्या तोंडाला गिरीपुष्पाच्या अंगठ्यापेक्षा जाड, कमरेएवढ्या फांद्या बांधावर खोचा. जवळच्या शेतातून मागितल्या तर कुणीही देतं. दोन-तीन वर्षांत जून झाली की दरवर्षी कमरेच्या उंचीवर तिरका काप घेऊन छाटायची, पुन्हा फुटते. पाला उसात किंवा भाताच्या चिखलात घाला, त्यात नत्र चांगलं असतं, आणि फांद्या जळणाला ठेवा. सुबाभूळही अशीच फुटते, पण तिच्या शेंगा पडून रोपं सगळीकडं माजतात, म्हणून ती लावायची तर शेंगा धरायच्या आत छाटायची तयारी ठेवा. चार गुंठ्यांच्या कडेनं एवढी लागवड झाली की बागांचा माल कमी निघालेल्या वर्षीसुद्धा तुमच्या बंबफोडीची पोती भरतील.